‘मामा तलाव’ कुणाचे? गोंदियाच्या तलावांचा इतिहास आणि आजचे पाणीधोरण

१/
गोंदिया जिल्ह्यात ‘मामा तलाव’ हा शब्द लहान मुलांनाही ठाऊक असतो. बाहेरून आलेल्या माणसाला तो नात्यातला वाटतो. प्रत्यक्षात तो सरकारी दफ्तरातला संक्षेप आहे: ‘माजी मालगुजारी तलाव’. पूर्व विदर्भात असे सहा हजारांहून अधिक तलाव नोंदलेले आहेत. त्या ‘माजी’ शब्दामागे १९५१ सालचा एक मोठा निर्णय आहे. त्या निर्णयाने तलावांचा मालक बदलला, परंतु तलावांची कामे कोणी करायची हे ठरले नाही. हा धागा त्या न ठरलेल्या गोष्टीविषयी, आणि आजच्या धोरणचर्चेत इतिहासाचा उपयोग कसा करावा याविषयी.

२/
दर उन्हाळ्यात या तलावांची चर्चा एकाच वळणाने जाते. गाळ किती घनमीटर आहे, यंत्रे किती लागतील, निधी कोणत्या योजनेतून मिळेल? अभियंत्याच्या दृष्टीने हे प्रश्न रास्तच आहेत. इतिहासाचा अभ्यासक मात्र त्याआधीचा प्रश्न विचारतो. यांतील कित्येक तलाव शंभर-दोनशे वर्षांपूर्वीचे, काही त्याहून जुने. त्या काळातही पावसाबरोबर माती वाहून येतच होती. मग तो गाळ जात कुठे होता, आणि तो नेत कोण होते?

३/
प्रथम भूगोल. वैनगंगेच्या या खोऱ्यात वर्षाला सुमारे १३०० मिलिमीटर पाऊस पडतो. मराठवाड्याच्या तुलनेत ही चैनच म्हणावी. तरीही येथला शेतकरी पावसाला भितो, कारण पीक धानाचे आहे. रोवणीला पाणी हवे आणि धान निसवताना पुन्हा पाणी हवे. हस्ताचा पाऊस चुकला, तर उभे पीक पोचट होते. येथील तलाव उन्हाळी पिकासाठी बांधलेले नव्हते. पावसाने शेवटच्या पंधरा-वीस दिवसांत दगा दिला तर पीक हाती यावे, हा त्यांचा मुख्य हेतू होता.

४/
हे तलाव बांधले कोणी? परंपरा कोहळी समाजाचे नाव घेते. चांद्याच्या गोंड राजांनी त्यांना वसवले, आणि जो जंगल तोडून तलाव बांधील त्याला त्या तलावाखाली भिजणारी जमीन दिली, अशी कथा सांगितली जाते. कथेचा तपशील तपासून घ्यावा लागतो. पण रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या मध्य प्रांतातील जातीजमातींवरील ग्रंथातही कोहळ्यांची मुख्य ओळख तलाव बांधणारे, धान आणि ऊस पिकवणारे शेतकरी अशीच आहे. जिल्ह्याच्या उत्तर भागात पोवार समाजही याच कामात निष्णात होता.

५/
नवेगाव बांध हे त्यातील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. अठराव्या शतकाच्या प्रारंभी कोलू पाटील कोहळी यांनी डोंगरांमधील खिंडी बांधून हा जलाशय उभा केला, असे मानले जाते. भोवतालच्या शिखरांना ‘सात बहिणी’ म्हणतात आणि त्यांतील एका शिखरावर कोलासुर देवाचे ठाणे आहे. हा कोलासुर म्हणजेच तो बांधकर्ता पाटील. पाणी अडवणाऱ्या माणसाला गावाने देव केले, यावरून त्या कामाचे मोल गावाला किती वाटत होते ते कळते.

६/
या तलावांची रचना साधी दिसते, परंतु विचारपूर्वक केलेली आहे. उताराच्या खालच्या अंगाला मातीची पाळ. जादा पाणी जाण्यासाठी एका कडेला सांडवा. पाळीच्या आतल्या बाजूस ‘तुडुम’, म्हणजे वरपासून खालपर्यंत पायरीपायरीने छिद्रे असलेला दरवाजा. पाणी जसे उतरेल तसे खालचे छिद्र उघडायचे. वरच्या तलावाच्या सांडव्याचे पाणी खालच्या तलावात, तेथून बोड्यांत आणि बोड्यांतून बांध्यांत. म्हणून येथे एक तलाव सुटा पाहता येत नाही. एकाचा सांडवा फुटला की खालच्या गावाचा हंगाम धोक्यात येतो.

७/
या रचनेइतकीच महत्त्वाची होती ती कामांची वाटणी. तुडुम उघडणे आणि पाण्याची पाळी लावणे हे पानकराचे काम. पावसाळ्यापूर्वी पाळीवर माती चढवणे, पाट साफ करणे हे भिजणाऱ्या जमिनीच्या शेतकऱ्यांचे काम. उन्हाळ्यात उघडा पडलेला गाळ खत म्हणून बैलगाडीने शेतात जाई. मासे, शिंगाडा आणि पाण्यातील वनस्पती यांचे ज्ञान ढीवर समाजाकडे होते. दुसऱ्या परिच्छेदातील प्रश्नाचे उत्तर येथे मिळते: गाळ कुणाच्या तरी गरजेचा होता, म्हणून तो तलावात राहत नव्हता.

८/
येथवर वाचून ‘आपली प्राचीन मालगुजारी पद्धत किती थोर होती’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह होईल. तो टाळावा. तलाव जुने आहेत. मालगुजारी तितकी जुनी नाही. १८५३ साली तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले आणि डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले. १८६१ मध्ये मध्य प्रांत निर्माण झाला. त्यानंतर १८६० च्या दशकातील जमीन बंदोबस्तात, तोवर मुख्यतः महसूल गोळा करणाऱ्या पाटलांना गावांचा मालकी हक्क देण्यात आला. गावकऱ्यांच्या श्रमातून उभे राहिलेले अनेक तलावही त्या मालकीत गेले.

९/
तथापि इंग्रज अधिकाऱ्यांनी एक गोष्ट जपली. बंदोबस्ताच्या कागदांत ‘वाजिब-उल-अर्ज’ नावाची नोंद असे. गावातील रूढी काय आहेत, तलावाचे पाणी कुणाला मिळते, कोणत्या वाटेने जाते, चराई आणि सरपण कुठून मिळते, मालगुजाराने काय सोडले पाहिजे, हे तीत लिहिले जाई. रोजच्या गरजा भागवण्याच्या या सामूहिक हक्कांना ‘निस्तार’ म्हणत. मालकी एकाची, पण वापराचा हक्क अनेकांचा, अशी ही दुपदरी व्यवस्था होती. आजच्या वादांची गुरुकिल्ली या दुपदरीपणात आहे.

१०/
त्या व्यवस्थेची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. मालगुजाराच्या घरच्या शेतीला पाण्याचा अग्रक्रम मिळणे, कुळांकडून वेठबेगार घेतली जाणे, भूमिहीनाने पाळीवर माती टाकावी पण त्याच्या वाट्याला पाणी येऊ नये, कारण त्याला जमीनच नाही: हे सारे त्याच गावांत घडत होते. ज्याला आज ‘लोकसहभाग’ म्हणून गौरवले जाते, त्याचा काही भाग नाइलाजाचा होता. तलाव नीट राखला जात होता आणि त्याचा लाभ विषम होता. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत. धोरणकर्त्याला दोन्हींची गरज आहे.

११/
१८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळांनी मध्य प्रांत हादरला. १९०१ ते १९०३ या काळात काम केलेल्या भारतीय सिंचन आयोगानंतर सरकारने या भागात स्वतः जलाशय बांधण्यास सुरुवात केली. तिरोडा भागातील बोदलकसा आणि चोरखमारा हे तलाव विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थांशातील. म्हणजे ‘लोकांचे लहान तलाव’ आणि ‘सरकारचे मोठे जलाशय’ हे दोन प्रवाह येथे शतकभर शेजारी शेजारी चालत आले आहेत. पुढे १९७० च्या सुमारास गाढवी नदीवरील इटियाडोह प्रकल्पाने दुसऱ्या प्रवाहाचे पारडे आणखी जड केले.

१२/
आता तो निर्णय. स्वातंत्र्यानंतर हा प्रदेश मध्य प्रदेश राज्यात होता आणि नागपूर ही त्याची राजधानी होती. १९५० च्या मालकी हक्क निर्मूलन कायद्यान्वये ३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारी संपली. तलावांबाबत या कायद्याने एक सूक्ष्म भेद केला. गावठाण आणि वहितीखालील जमीन यांच्या बाहेरील ज्या तलावात मालगुजाराखेरीज कुणाचाही सिंचनाचा हक्क नव्हता, तो त्याच्याकडे राहू शकत होता. ज्यावर इतरांचेही हक्क होते, तो सरकारजमा झाला. म्हणजे जे तलाव खऱ्या अर्थाने गावाचे होते, नेमके तेच शासनाकडे आले.

१३/
कायद्याचा हेतू न्याय्य होता. परंतु मालकी हस्तांतरित होताना पाळीवर माती कोण चढवणार, पानकराला धान्य कोण देणार, हे शासनाकडे आले की गावाकडे राहिले? आणि या प्रश्नाचा विचार करण्यास प्रशासनाला उसंतही मिळाली नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा भाग द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला, १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा स्थापन झाल्या. मालगुजारी संपल्यापासून अवघ्या अकरा वर्षांत तीन राज्ये आणि एक नवी स्थानिक सत्ता. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला तेव्हा दफ्तरे पुन्हा एकदा विभागली गेली.

१४/
परिणामी एकच तलाव अनेक फायलींत वाटला गेला. सिंचनक्षमता शंभर हेक्टरांपर्यंत असेल तर जिल्हा परिषद, त्याहून अधिक असेल तर राज्याचे जलसंपदा खाते. तळाची जमीन महसूल खात्याच्या नोंदीत. मासेमारीचा ठेका वेगळ्या नियमांनी. काठावर झाडोरा असेल तर वन खाते. शेतकऱ्याला पाणी हवे म्हणून तो तुडुम उघडतो, मच्छीमाराला पाणी राहावे असे वाटते, आणि दोघांमधील तंटा सोडवणारा पानकर कुणाच्याच आस्थापनेवर नाही. पूर्वी ज्या तडजोडी पाळीवर बसून होत, त्यांच्यासाठी आता अर्ज करावा लागतो.

१५/
गाळाचे तेच झाले. रासायनिक खते आली, बैलगाड्या कमी झाल्या, आणि तलावाचा तळ ‘सरकारी’ झाल्यावर त्यातील माती उचलणे हा हक्क उरला नाही, परवानगीचा विषय झाला. सरकारी जलसाठ्यातील गाळ शेतकऱ्याला शेतात नेता यावा यासाठी २०१७ साली ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही स्वतंत्र योजना आणावी लागली. योजना उपयुक्त आहे. पण जे काम दोन पिढ्यांपूर्वी प्रथेने होत होते, त्यासाठी शासननिर्णय लागतो, ही बाब नोंद घेण्याजोगी आहे. व्यवस्थाच तुटलेली असेल, तर एकदा काढलेला गाळ काही वर्षांनी पुन्हा साचणारच.

१६/
जुन्या दफ्तरातील एका शब्दाची ताकद किती असते, याचे ताजे उदाहरण ‘झुडपी जंगल’. मालगुजारी गावांत झाडोऱ्याच्या, चराईच्या पडीक जमिनीला ही संज्ञा होती. मालगुजारी संपल्यावर तीही तलावांप्रमाणे शासनाकडे आली. महसूल कागदांतील हा शब्द पुढे १९८० च्या वन संवर्धन कायद्याशी येऊन भिडला. ही जमीन वन की गावाची? या प्रश्नात पूर्व विदर्भातील घरे, शाळा, रस्ते आणि शेती अनेक दशके अडकून पडली.

१७/
२२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या प्रकरणी निकाल दिला: झुडपी जंगल जमिनी वन मानल्या जातील, मात्र १२ डिसेंबर १९९६ पूर्वी झालेल्या वाटपांना संरक्षण मिळेल. निकालाविषयी मतभेद असू शकतात. इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की एकोणिसाव्या शतकातील महसुली परिभाषेवर एकविसाव्या शतकातील हजारो कुटुंबांचे घर अवलंबून राहिले. इतिहास ‘जुना विषय’ आहे असे म्हणणाऱ्याने एकदा गोंदियाच्या कोणत्याही तलाठी कार्यालयात जाऊन सातबारा पाहावा.

१८/
मग धोरणाला इतिहास कसा उपयोगी पडावा? रिचर्ड न्यूस्टाट आणि अर्नेस्ट मे या अमेरिकन अभ्यासकांनी १९८६ साली ‘थिंकिंग इन टाइम’ या ग्रंथात एक सोपी शिस्त सुचवली. ‘पूर्वीही असेच झाले होते’ असे कुणी म्हटले, की लगेच दोन याद्या करा: साम्ये कोणती आणि भेद कोणते. आणि ‘समस्या काय आहे’ हे विचारण्याआधी ‘या समस्येची कहाणी कुठून सुरू होते’ हे विचारा. निर्णय घेणाऱ्यांना इतिहास पढवणे हा त्यांचा उद्देश नव्हता. घाईत केलेल्या तुलनांपासून त्यांना वाचवणे हा होता.

१९/
मामा तलावांना ही शिस्त लावून पाहू. साम्ये: तोच उतार, तोच धान, तीच हस्ताची भीती. भेद: मालगुजार नाही आणि तो परत यावा असे कुणी म्हणणार नाही, मोटारपंप आणि विंधनविहिरी आल्या, त्यामुळे संपन्न शेतकऱ्याची तलावावरची भिस्त कमी झाली, वेठबेगार बेकायदा आहे, ग्रामसभा आहे आणि तीत भूमिहीनालाही मत आहे. म्हणजे जुनी व्यवस्था जशीच्या तशी आणता येत नाही, आणावीही नाही. परंतु तिने ज्या प्रश्नांची उत्तरे दिली होती, ते प्रश्न अजूनही तसेच उभे आहेत.

२०/
तामिळनाडूचा अनुभव येथे बोधप्रद आहे. तेथे ‘कुडिमरामत’ ही गावकऱ्यांनी तलाव-कालवे दुरुस्त करण्याची जुनी प्रथा. १८५८ साली मद्रास सरकारने कायदा करून त्या श्रमांना सक्तीचे रूप दिले. २०१७ च्या सुमारास राज्य सरकारने त्याच नावाने तलाव दुरुस्तीची योजना सुरू केली. जुन्या नावाने लोकांचा जिव्हाळा जागा होतो, हे खरे. पण निर्णय, पैसा आणि देखभाल यांतील गावाचा वाटा ठरला नाही, तर केवळ नाव परत येते. नात्याची घडी परत बसत नाही.

२१/
इतिहासाला पुरावा म्हणून मान देणारा कायदाही आपल्याकडे आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यात सामूहिक हक्कांमध्ये ‘निस्तार’ हा शब्द थेट आला असून जमीनदारीसारख्या जुन्या मध्यस्थ व्यवस्थांतील हक्कांचाही उल्लेख आहे. जलाशयांतील मासे आणि अन्य उत्पादनांचा हक्कही त्यात येतो. दाव्याचा पुरावा म्हणून गॅझेटियर, बंदोबस्ताचे अहवाल आणि गावातील वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब नियमांनी ग्राह्य धरले आहेत. वनक्षेत्रातील तलावाकाठच्या गावांसाठी जुना कागद आणि आजोबांची आठवण ही दोन्ही कायदेशीर साधने आहेत.

२२/
हे ज्ञान केवळ कागदांत नाही. तलावांत बेशरमची झुडपे माजली, देशी पाणवनस्पती गेल्या आणि मासे रोडावले, तेव्हा अर्जुनी-मोरगाव भागातील ढीवर समाजाने काही तलावांत बेशरम उपटून देशी वनस्पती पुन्हा लावल्या. कोणता मासा कोणत्या वनस्पतीच्या आश्रयाने अंडी घालतो, हे त्यांना परंपरेने माहीत होते. सर्वत्र सारखा खोल खड्डा करणाऱ्या यंत्राला ते माहीत नसते. उथळ काठ, दलदल आणि धानाच्या बांध्या यांवरच सारस पक्षी जगतो. महाराष्ट्रातील उरलेले सारस मुख्यतः गोंदियात आहेत आणि २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांच्या घटत्या संख्येची स्वतःहून दखल घेतली. तलाव किती खोल करावा, हा प्रश्न असा सारसापर्यंत पोहोचतो.

२३/
म्हणून कोणत्याही मामा तलावाचे अंदाजपत्रक मंजूर होण्यापूर्वी चार नोंदी त्याला जोडल्या जाव्यात. एक: या तलावावर पाण्याचे, मासेमारीचे आणि निस्ताराचे हक्क कुणाचे नोंदलेले आहेत. दोन: पाळ, तुडुम आणि पाट यांची कामे पूर्वी कोण करीत असे आणि आज कोण करते. तीन: जुन्या व्यवस्थेत कुणाला वगळले होते. चार: ही घडी नेमकी कधी आणि कशाने विस्कटली. या नोंदींना फार खर्च लागत नाही. एक अभ्यासू कर्मचारी, काही जुनी दफ्तरे आणि गावातील चार वृद्धांची एक बैठक पुरेशी आहे.

२४/
दफ्तरे आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १६१ मध्ये निस्तारपत्रकाची आणि कलम १६५ मध्ये वाजिब-उल-अर्जाची तरतूद आजही आहे. बंदोबस्ताच्या मिसली जिल्ह्याच्या अभिलेखकक्षात मागता येतात. फारसी वळणाचे शब्द पाहून कुणी मागे हटू नये. ते आपल्याच आजोबा-पणजोबांच्या पाण्याविषयी आहेत. पुढच्या ग्रामसभेत गाळ काढण्याचा ठराव येईल, तेव्हा यंत्राच्या दराबरोबर निस्तारपत्रकाची प्रतही टेबलावर असावी, आणि ठरावाच्या शेवटी एक ओळ जास्तीची लिहावी: या पाळीची देखभाल पुढील पावसाळ्यापासून कोण करणार.